पन्हळी कुणी साफ करायच्या? आधी शिडी कुठे टेकणार ते सांगा

प्रश्न थोडक्यात असा: घर दोन मजली, छप्पर उतरतं, चारही बाजूंना कडेने पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळी. मागे उंच झाडं असल्यामुळे त्या वर्षातून दोनदा तरी पानांनी तुंबतात. माणूस बोलावला तर तो अर्ध्या तासात वरवर हात फिरवून निघून जातो आणि पुढच्या मोठ्या सरीत मागच्या बाजूला, मधोमध, पुन्हा पाण्याचा पडदा पडतो. प्रश्नकर्त्याचं वय 58, तब्येत धडधाकट, घरात ॲल्युमिनियमची शिडी आहे. मग हे काम स्वतःच का करू नये? मुलगा मात्र शिडीला हात लावू देत नाही.

छपरांची आणि पन्हळींची कामं मी पंचवीसेक वर्षं करतोय. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. खालच्या मजल्याच्या पडवीची पन्हळ तुम्ही खुशाल साफ करा. वरच्या मजल्याच्या पन्हळीला तुम्ही हात लावू नका. पण ‘तुम्ही नको’ याचा अर्थ ‘मग कुणालाही चढवा’ असा होत नाही. घरमालक स्वतः चढायला घाबरतो, ते योग्यच आहे. पण मग तो रस्त्यावरून एखाद्याला हाक मारतो, आपलीच डुगडुगती शिडी त्याच्या हातात देतो आणि खाली उभं राहून ‘तो कोपरा राहिला बघ’ म्हणून बोट दाखवतो. यात धोका कमी झाला नाही, फक्त दुसऱ्याच्या अंगावर गेला. पैसे देऊन घ्यायची असते ती साधनं आणि सवय. ती दोन्ही नसतील तर त्या माणसात आणि तुमच्यात फरक काय?

उंचीचा हिशोब एकदा मनात पक्का बसू द्या. पाय अडीच मीटरवर असताना तोल गेला तर जमिनीपर्यंत पोचायला पाऊण सेकंदसुद्धा लागत नाही, आणि आदळताना वेग ताशी 25 किलोमीटर असतो. पाच मीटरवरून एक सेकंद लागतो आणि वेग ताशी 35 किलोमीटरच्या पुढे जातो. या एका सेकंदात काही पकडू म्हणणाऱ्यांनी एकदा हातातून किल्ली सोडून बघावी. दोन मजली घराच्या वरच्या पन्हळीशी काम करताना पाय साधारण या पाच मीटरवरच असतात.

मी स्वतः एकदाच पडलोय, तेही जेमतेम दोन मीटरवरून. अख्खी बाजू साफ झाली होती, टोकाला हातभर गाळ उरला होता. त्याच्यासाठी पुन्हा खाली उतरून शिडी सरकवायचा कंटाळा आला. डावीकडे वाकलो, शिडीचा उजवा पाय उचलला गेला आणि मी जमिनीवर. मनगट मोडलं, दीड महिना घरी बसलो. तेव्हापासून माझ्या हाताखालच्या पोरांना सांगतो, सगळ्यात धोकादायक गाळ म्हणजे हा उरलेला हातभर गाळ. पट्ट्याचं बक्कल शिडीच्या दोन उभ्या दांड्यांच्या बाहेर गेलं की समजायचं, शिडी हलवायची वेळ झाली. याला अपवाद नाही.

आता तुमच्या शिडीबद्दल. घरातल्या शिड्या बहुतेक पंखा पुसायला आणि माळ्यावरचं सामान काढायला घेतलेल्या असतात. घडीची शिडी असेल तर ती चारही पाय पूर्ण उघडून, मधली खिट्टी पक्की बसवूनच वापरायची. मिटलेली घडीची शिडी भिंतीला टेकवून चढणं हा शुद्ध वेडेपणा. तिच्या सगळ्यात वरच्या पायरीवर किंवा माथ्यावर उभं राहायचं नसतं. टेकवायची शिडी असेल तर प्रमाण चाराला एक: शिडी जिथे टेकते ती जागा चार मीटर उंच असेल तर शिडीचे पाय भिंतीपासून एक मीटर लांब. मोजपट्टी नको असेल तर शिडीच्या पायांना आपल्या पायाची बोटं लावून ताठ उभं राहा आणि हात समोर सरळ करा. तळवे आरामात पायरीवर टेकले तर कोन बरोबर. टेकवलेल्या शिडीच्या वरच्या तीन पायऱ्या पाय ठेवण्यासाठी नसतात, त्या हाताने धरण्यासाठी असतात. सरकवून लांब होणारी शिडी असेल तर दोन्ही भाग निदान तीन पायऱ्या एकमेकांवर राहिले पाहिजेत.

शिडी पन्हळीवरच टेकवायची नाही. हे मी रोज बघतो. प्लॅस्टिकची पन्हळ उन्हाने कडक झालेली असते, ती तडकते. पत्र्याची चेपते. आणि गुळगुळीत कडेवरून शिडी बाजूला घसरते ती वेगळीच. त्यासाठी शिडीच्या वरच्या टोकाला बसवायचा आडवा आधार मिळतो. त्याचे दोन लांब हात भिंतीला टेकतात, शिडी पन्हळीपासून फूटभर दूर राहते आणि बाजूला कलंडतही नाही. ज्यांना स्वतः काम करायचंच आहे त्यांनी दुसरं काही घेऊ नये, पण हे घ्यावं.

खालची जमीन हा अर्धा निर्णय असतो. फरशी कोरडी, सपाट, कडक असेल तर ठीक. मऊ मातीत एक पाय रुतला की वरच्या टोकाला तोच फरक कितीतरी पट होतो. मग लोक विटा आणि लाकडाचे तुकडे घालून पाय समान करतात. कृपया करू नका. मातीच असेल तर खाली जाड, रुंद फळी टाका, आणि ती हलत नाही हे पहिल्या पायरीवर नाचून बघा. खाली एक माणूस दोन्ही दांडे धरून उभा हवा, आणि त्याचं लक्ष मोबाइलमध्ये नको. तरी हे लक्षात ठेवा की लांब शिडी एकदा घसरायला लागली तर खालचा माणूस ती थांबवू शकत नाही. त्याचा उपयोग ती घसरू नये म्हणून असतो. खरी सुरक्षितता शिडी वरून आणि खालून बांधण्यात आहे.

विजेच्या तारांबद्दल एकच वाक्य पुरे: घराकडे येणारी तार शिडीपासून तीन मीटरच्या आत येत असेल, तर ते काम तुमचंही नाही आणि माझंही नाही, आधी वीजपुरवठा करणाऱ्यांना बोलवा. ॲल्युमिनियमची शिडी आणि ॲल्युमिनियमचा लांब दांडा दोन्ही वीज वाहून नेतात. ओलं लाकूडही नेतं.

वयाचा मुद्दा तुम्ही ‘तब्येत धडधाकट’ म्हणून उडवून लावलाय. मी वयाबद्दल बोलत नाही, गोळ्यांबद्दल आणि चष्म्याबद्दल विचारतो. रक्तदाबाच्या गोळीमुळे झटकन उठल्यावर चक्कर येते का? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? ती असेल तर डोक्याला लागलेला साधा मारही गंभीर होतो. जवळचं आणि लांबचं एकाच काचेत असलेला चष्मा आहे का? त्या चष्म्यातून खाली बघताना पायरी असते तिथे दिसत नाही. उतरताना लोक चुकतात ते त्यामुळेही. यातल्या एकाचं जरी उत्तर ‘हो’ असलं, तर पडवीचं कामसुद्धा मुलाकडे द्या. तो तुम्हाला अडवतोय, तेव्हा तेवढं तरी त्याने करावंच.

समजा पडवीची पन्हळ तुम्हीच करताय. दिवस कोरडा, वारा नसलेला निवडा, पण गाळ अगदी वाळून खडक होईपर्यंत थांबू नका. किंचित ओलसर गाळ ढेकळासारखा उचलला जातो. वाळलेला उडतो, आणि त्यात पक्ष्यांची विष्ठा असते, तिची धूळ छातीत जायला नको. फारच वाळला असेल तर आधी पाणी शिंपडा. तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, हातात जाड रबरी किंवा चामडी हातमोजे. उंदरांचा वावर असतो तिथे त्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पाण्यात येतात आणि हातावरच्या बारीक जखमेतून शरीरात शिरतात. शिवाय पत्र्याची कड ब्लेडसारखी असते. आत हात घालण्याआधी काठीने चाचपा. गांधीलमाशांची पोळी पन्हळीच्या पोटात आणि वळचणीला असतात, आणि शिडीवर असताना माशी चावली तर माणूस आधी हात सोडतो.

गाळ काढायला लोखंडी थापी वापरू नका. पत्र्यावरचा जस्ताचा थर खरवडला की तिथूनच गंज सुरू होतो. सगळ्यात उत्तम अवजार म्हणजे प्लॅस्टिकच्या रिकाम्या डब्याचा तिरका कापलेला तुकडा. तो पन्हळीच्या गोलाईला बरोबर बसतो. बादली आकड्याने शिडीला लटकवा, हातात धरू नका. एक हात कायम शिडीवर. दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, असे तीन अवयव नेहमी टेकलेले. ज्या कामाला दोन्ही हात सोडावे लागतात, म्हणजे स्क्रू पिळणं, सांधा भरणं, ते काम टेकवलेल्या शिडीवरचं नाहीच. त्याला परांची लागते.

सुरुवात पन्हळीतलं पाणी खाली आणणाऱ्या उभ्या पाइपाच्या तोंडापासून करा आणि तिथून लांब सरकत जा. त्याआधी पाइपाच्या तोंडात चिंधीचा बोळा घालायचा, म्हणजे गाळ आत पडत नाही. आणि तो बोळा आठवणीने काढायचा. हे हसण्यावारी नेऊ नका. मी एका घरी तो विसरून आलो होतो. रात्री पाऊस झाला, सकाळी मालकांचा फोन आला, आणि त्यांचा आवाज मला आजही ऐकू येतो. तेव्हापासून बोळ्याला मीटरभर लाल दोरी बांधतो, ती खाली लोंबकळत राहते.

गाळ काढून झाला म्हणजे काम झालं असं बहुतेकांना वाटतं. तुमचा अर्ध्या तासात जाणारा माणूसही तिथेच थांबत असणार. खरं काम उरलेलं असतं ते उभ्या पाइपाचं. नळी लावून पन्हळीच्या लांबच्या टोकाला पाणी सोडा आणि पाइपाच्या खालच्या तोंडाशी जाऊन उभे राहा. पाणी भरपूर, खळखळून आलं पाहिजे. धार बारीक असेल तर पाइप तुंबलाय, आणि तो नव्वद टक्के वेळा वळणाशी तुंबतो, सरळ भागात नाही. पाइपावर खालून वर बोटाने टकटक करत जा. पोकळ आवाज जिथे भरीव होतो तिथे गाळाचा बोळा आहे. वरून जोराचं पाणी मारलं तर तो आणखी घट्ट बसतो. नळी खालच्या तोंडातून वर सारून पाणी सोडा, किंवा प्लंबरची लवचीक तार फिरवा. पाइप जमिनीत जात असेल तर आधी जमिनीजवळचा सांधा मोकळा करून बघा, कारण जमिनीखाली ढकललेला गाळ काढायला फरशी फोडावी लागते.

एवढा खटाटोप कशासाठी, असं वाटत असेल तर पाण्याचं गणित करा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या छपरावर तासाभरात वीस मिलिमीटर पडला तर दोन हजार लिटर पाणी त्या पन्हळींतून खाली जायचं असतं. रस्ता बंद झाला की ते भिंतीत, वाशांच्या टोकांत आणि पायाशी जातं. दहा सेंटिमीटर रुंद आणि तितकीच खोल पन्हळ काठोकाठ भरली तर दर मीटरला दहा किलो पाणी, वर भिजलेला गाळ. मग पन्हळ धरून ठेवणारे ब्रॅकेट वाकले की दोष ब्रॅकेटचा नसतो. आणि साचलेलं पाणी आठवडा-दहा दिवस राहिलं तर डेंग्यू पसरवणाऱ्या डासांची एक पिढी तिथे तयार होते. त्यांची अंडी कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात आणि पाणी आलं की पुन्हा फुटतात.

आता वरच्या मजल्याकडे. तिथेही पाय जमिनीवर ठेवून बरंच काही करता येतं. लांब होणारा दांडा, त्याच्या टोकाला वाकडी नळी आणि खाली ओला कचरा ओढणारा व्हॅक्यूम, अशी व्यवस्था असलेले व्यावसायिक असतात. दांड्याच्या टोकाला छोटा कॅमेरा लावून ते तुम्हाला खालीच पन्हळीचं पोट दाखवतात. दोन मजल्यांना ही पद्धत माझ्या मते सगळ्यात शहाणपणाची. तिची मर्यादाही सांगतो: झाडांची मुळं धरलेला, वर्षानुवर्षांचा घट्ट गाळ ती ओढू शकत नाही. तिथे माणूसच वर लागतो. स्वतःसाठी असा दांडा घ्यायचा झाला तर आधी दुकानातच पूर्ण लांब करून उभा धरून बघा. सहा मीटरचा दांडा पाण्यासकट डोक्यावर तोलणं हा खांद्याचा व्यायाम आहे, आणि मान वर करून मागे-मागे चालताना माणूस जमिनीवरसुद्धा पडतो.

माणूस बोलवायचा तर भाव विचारण्याआधी एकच प्रश्न विचारा: ‘शिडी कुठे टेकवणार?’ जाणकार माणूस याचं उत्तर जागेवर येऊन, घराभोवती फिरूनच देईल. फोनवरच ‘काळजी करू नका, होऊन जाईल’ म्हणणाऱ्याला नको म्हणा. दुसरं, तो एकटा येतोय की दोघं? शिडी, दोर, हार्नेस स्वतःचे आहेत का? हार्नेस म्हणजे मांड्या आणि खांदे धरणारा पूर्ण पट्टा. कमरेला नुसता दोर बांधून लटकलेल्या माणसाची कंबर आणि पोट दोन्ही जातात. तो दोर कशाला बांधणार हेही विचारा. धुराड्याला, पाण्याच्या पाइपाला किंवा डिशच्या खांबाला बांधणार असेल तर दोर नसल्यासारखाच आहे.

विम्याचं विचारायला लोक लाजतात. लाजू नका. माणूस पडला तर उपचाराचा खर्च कोण करणार, कुणाची जबाबदारी, हे काम सुरू होण्याआधी बोललं जातं तेव्हा दोन मिनिटांत मिटतं. नंतर ते वर्षानुवर्षं मिटत नाही. तुमच्या विम्यात घरी कामाला आलेल्या माणसाची दुखापत येते की नाही, तेही एकदा वाचून घ्या.

काम ठरवताना ‘पन्हळी साफ करणे’ एवढंच ठरवलं तर अर्ध्या तासाचंच काम मिळेल. त्यात काय येतं ते बोलून घ्या: गाळ काढून पोत्यात भरून नेणं, सगळे उभे पाइप पाणी सोडून तपासणं, प्रत्येक बाजूचा आधीचा आणि नंतरचा फोटो, सैल ब्रॅकेट आणि गळके सांधे कुठे आहेत याची नोंद. पाणी सोडून बघेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. आणि तो म्हणाला, आज वारा आहे, उद्या येतो, तर चिडू नका. तोच माणूस पुढच्या वर्षीही बोलवा. घाईने काम उरकायला लावणारा मालक हा घसरड्या फरशीइतकाच धोकादायक असतो, हे आमच्या धंद्यातलं उघड गुपित आहे.

छप्पर सिमेंटच्या पत्र्याचं असेल, किंवा मधेमधे उजेडासाठी प्लॅस्टिकचे पत्रे बसवले असतील, तर त्यावर कुणालाच पाय ठेवू देऊ नका. ते वरून भक्कम दिसतात, पण माणसाचं वजन पेलत नाहीत. माणूस सरळ आरपार खाली जातो. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून तो खरवडायचा नाही आणि जोराच्या पाण्याने धुवायचाही नाही.

जाळी बसवली की कटकट संपेल का, हे बरेच जण विचारतात. संपत नाही, कमी होते. मोठी पानं अडतात, बारीक काड्या, परागकण, कौलांची माती आत जातेच आणि जाळीखाली साचते. मग साफ करताना आधी जाळी काढावी लागते, म्हणजे शिडीवरचा वेळ दुप्पट. तुमच्यासारख्या झाडांच्या घरी मी पन्हळीवर येणाऱ्या फांद्या आधी छाटायला सांगेन. त्याने जाळीपेक्षा जास्त फरक पडतो.

शेवटी तुमच्या त्या पडद्याबद्दल. तो दर वेळी एकाच जागी, मधोमध पडतो असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं तुमचा माणूस तितका कामचुकार नसावा. पाइप तुंबला असेल तर पाणी आधी पाइपाच्या बाजूला उतू जातं. पन्हळ आणि भिंत यांच्या मधून गळत असेल तर छपराची कड आखूड पडलेली असते. पण मधोमध पडदा पडतो तेव्हा बहुतेक वेळा पन्हळ तिथे खाली बसलेली असते, म्हणजे ढाळ गेलेला असतो. पन्हळीला दर तीन मीटरला पाच-सहा मिलिमीटर ढाळ पाइपाकडे हवा. दिसायला तो जवळजवळ सपाटच वाटतो, म्हणून बिघडलेला डोळ्याला कळत नाही. पुढच्या मोठ्या पावसात छत्री घेऊन मागे जा, जमिनीवरूनच व्हिडिओ काढा आणि येणाऱ्या माणसाला तो दाखवा. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच जागी पन्हळीच्या कडेतून थेंब पडत असतील तर दोन-तीन ब्रॅकेट बदलून ढाळ पुन्हा काढावा लागेल. त्याला दोन्ही हात लागतात, त्यामुळे परांची लागेल, आणि ते काम ना तुमचं, ना मुलाचं.